पित्ताचे बेचाळीस खडे पडले, दुपारी त्यांचं पाणी झालं

दिवाळीत पाडव्याच्या रात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की मी ओटा धरून खालीच बसले. कळ पाठीतून थेट उजव्या खांद्यापर्यंत. दिवसभर चकल्या-चिवडा झाला होता, वर रात्री बासुंदी. सोनोग्राफीत पित्ताशयात तीन खडे निघाले, मोठा १३ मिलिमीटरचा. सर्जन म्हणाले, दुर्बिणीतून पित्ताशय काढून टाकू, तोवर तेल-तूप सांभाळा. मुलीची बारावी तोंडावर होती. म्हटलं, परीक्षा होऊ दे.

आमच्या साताऱ्याकडच्या स्वयंपाकघरात तेल सांभाळणं म्हणजे काय, हे कळायलाच आठवडा गेला. तळण बंद करणं सोपं असतं. पण आमच्याकडे भाजीत कूट, आमटीत कूट, कोशिंबिरीत कूट, आणि शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं. ते बंद केलं. सुकं खोबरं बंद, साय बंद. म्हशीचं दूध सोडून दीड टक्का फॅटचं डबल टोन्ड आणलं. दिवसाला तीन छोटे चमचे तेल, मोजून. सासूबाई कढईत डोकावून म्हणायच्या, "एवढ्याशा तेलात मोहरी तडतडते तरी का गं?"

जानेवारीत मोबाईलवर जाहिरात दिसली: ऑपरेशनशिवाय २१ दिवसांत खडे बाहेर. स्वतःला वेलनेस कोच म्हणवणाऱ्या एका सरांचा ९९ रुपयांचा सल्ला, त्यातून ६,९०० रुपयांचं पॅकेज. आहाराचा तक्ता, एका पावडरीचा डबा आणि व्हॉट्सॲप ग्रुप. पैसे यूपीआयने, कुणा तिसऱ्याच माणसाच्या खात्यात. बिल मागितलं तर "पाठवतो ताई". डब्यावर १४ आकडी एफएसएसएआय नंबर होता, तो बघून मी निर्धास्त झाले. हा खाण्याच्या पदार्थाचा परवाना असतो, औषधाचा नव्हे, हे तेव्हा कुठे माहीत होतं!

तक्ता माझ्याच आहाराचा, फक्त आणखी कडक. तेल शून्य. भाकरी, मुगाचं वरण, उकडलेला दुधी, लोणी काढलेलं ताक. आणि खरंच, तीन आठवडे एकदाही कळ आली नाही. मी इथेच फसले. आराम खरा होता. खाण्यातली चरबी आतड्यात उतरली की पित्ताशयाला आकुंचन पावायचा निरोप जातो. ते आकुंचन पावताना खडा तोंडाशी अडकला की कळ येते. चरबीच नसेल तर पिशवी शांत पडून राहते, पण खडे आत तसेच असतात. आहाराने ते विरघळत नाहीत. पथ्य मी पाळायचं, श्रेय डब्याला. रोज संध्याकाळी सरांचा मेसेज यायचा, "बघा ताई, खडे मऊ पडायला लागले."

तीन आठवड्यांत वजन सहा किलो उतरलं. ग्रुपवर टाळ्या. सर्जनांनी पुढे सांगितलं, इतकं भराभर वजन उतरवल्याने खडे उलट नवीन होतात.

शेवटची रात्र म्हणजे 'फ्लश'. आधी आठवडाभर सफरचंदाचा रस. त्या दिवशी संध्याकाळी सहाला आणि आठला एप्सम सॉल्टचं पाणी. ते चांगलंच जुलाबाचं असतं. आणि दहाला १२० मिलिलिटर ऑलिव्ह तेल, त्यात लिंबाचा रस, एका दमात पिऊन उजव्या कुशीवर झोपायचं. मोहरीपुरतं तेल मोजणारी बाई मी, आठ दिवसांचं तेल एका घोटात प्यायले! मनात आलं होतं, की अहो, हेच तर वर्ज्य आहे ना? पण विचारलं नाही. पैसे भरलेल्या माणसाला प्रश्न सुचत नाहीत.

रात्री दोनला दिवाळीपेक्षा मोठी कळ आली. उलट्या, घाम. सरांना मेसेज केला तर उत्तर, "खडे हलतायत, शुभ लक्षण आहे." यातला एखादा खडा खरंच सरकून नळीत अडकला असता तर कावीळ झाली असती, स्वादुपिंडाला सूज आली असती, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. कळ थांबत नसेल, ताप असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर सरळ हॉस्पिटल गाठायचं. मी पहाटेपर्यंत वाट बघत बसले, हे मूर्खपणाचं होतं.

सकाळी जुलाबातून हिरव्या गोळ्या पडल्या, काही वाटाण्याएवढ्या. सांगितल्याप्रमाणे चाळणीत धुतल्या (काय काय केलं मी!), मोजल्या: बेचाळीस. स्टीलच्या ताटलीत मांडून फोटो टाकला. ग्रुपवर फुलांचा पाऊस. हे दुपारी ड्यूटीवरून आल्यावर दाखवू म्हणून ताटली गॅलरीत ठेवली. दीड वाजता बघते तर खडा एकही नाही. ताटलीत हिरवा तेलकट ओघळ, आणि वास साबणासारखा.

पाचव्या दिवशी सोनोग्राफी केली. तिन्ही खडे जागेवर, मोठा १३ मिलिमीटरच. पडलं होतं ते तेल आणि लिंबू यांचा पोटात झालेला साबण. २००५ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशाच एका बाईच्या हिरव्या गोळ्यांची तपासणी छापून आली होती: खरे खडे ज्यांचे बनतात ते त्यांत काहीच नव्हतं, ना कोलेस्टेरॉल, ना बिलिरुबिन (पित्तातलं रंगद्रव्य), ना कॅल्शियम, आणि ४० अंशांना त्या वितळल्या. माझी गॅलरी प्रयोगशाळेपेक्षा कमी नाही.

सरांना रिपोर्ट पाठवला. म्हणाले, "जुने निघाले ताई, हे नवीन आहेत. दुसरा टप्पा करू, ११,५००." पाच दिवसांत तेरा मिलिमीटर!

पित्ताचे खडे बरे करतो अशी औषधाची जाहिरात करायलाच १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय कायद्याने बंदी आहे. त्याच्या यादीत पित्ताशयातले खडे चक्क नावानिशी आहेत. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवरही फोन केला. पैसे अजून आलेले नाहीत. चॅट, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि डब्याचा फोटो जपून ठेवले होते, म्हणून निदान तक्रार तरी उभी राहिली. मार्चअखेर ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी घरी. आता कूट परत सुरू आहे, बेताने.

त्या ग्रुपवर मी वितळलेल्या ताटलीचा फोटो टाकला होता. चार मिनिटांत मला काढून टाकलं. पण तेवढ्यात एका अनोळखी नंबरवरून मेसेज आलेला होता: "ताई, माझं आज रात्री आहे. तेल आणून ठेवलंय. घेऊ का?"

मी टाइप करत बसले नाही. सरळ फोन लावला.