घाटासाठी ११-३४: शिमानोच्या एचजी७०० आणि एचजी८०० कॅसेटचं परीक्षण

मागच्या चाकाला ११-२८ ची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच, सगळ्यात लहान चकती ११ दात्यांची, सगळ्यात मोठी २८ ची) असलेली रोडबाइक घेऊन सिंहगड चढणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते: "गिअर संपले." खरं तर गिअर संपत नाहीत, सायकल घेतानाच कमी घेतलेले असतात. गोळेवाडीपासून वाहनतळापर्यंत सुमारे ९ किलोमीटरचा रस्ता, सरासरी चढ साडेसहा-सात टक्क्यांच्या आसपास आणि मधले काही तुकडे १० टक्क्यांच्या पुढचे. अशा रस्त्यावर पुढे ३४ दात्यांची चकती आणि मागे २८ ची ही जोडी तयारीच्या रायडरसाठी ठीक आहे. नोकरी सांभाळून रविवारी बाहेर पडणाऱ्यासाठी ती गुडघ्यांवरचा अत्याचार आहे.

११ स्पीडच्या, म्हणजे मागे ११ चकत्या असलेल्या सायकलींसाठी यावरचा सरळ उपाय म्हणजे शिमानोची ११-३४ कॅसेट. ती दोन प्रतींत मिळते, एचजी७००-११ आणि एचजी८००-११. दोन्हींचे दाते अगदी सारखे: ११-१३-१५-१७-१९-२१-२३-२५-२७-३०-३४. फरक वजनाचा आणि किमतीचा, त्यात ८०० हलकी आणि महाग. घाट चढताना दोन्हींचं काम एकच असल्यामुळे जास्तीचे पैसे ८०० वर घालण्यापेक्षा चांगली चेन घेणं शहाणपणाचं. २८ च्या कॅसेटच्या तुलनेत यातली कोणतीही घेतली तरी वाढणारं वजन १०० ग्रॅमच्या आतच राहतं. पाण्याच्या बाटलीतले दोन घोट.

आता फायदा किती, ते आकड्यांत. ७०० गुणिले २५ च्या टायरचा घेर साधारण २.१ मीटर. ३४-२८ वर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल २.५५ मीटर पुढे जाते. ३४-३४ वर पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचाही एकच फेरा, म्हणजे २.१ मीटर. त्याच वेगाला पायावरचा जोर साडेसतरा टक्क्यांनी कमी लागतो. रायडर, सायकल आणि पाणी मिळून ८६ किलो वजन धरा आणि सलग टिकवता येईल अशी ताकद १६० वॅट धरा. ८ टक्क्यांच्या चढावर वेग तासाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास येतो. या वेगाला २८ वर कॅडन्स (पेडलचे मिनिटाला फेरे) ५० पडतो, ३४ वर ६१. चढ १० टक्क्यांचा झाला की वेग सव्वासहाच्या घरात उतरतो आणि २८ वर कॅडन्स चाळिशीला येतो. चाळीसच्या कॅडन्सला बसून पेडल मारणं म्हणजे प्रत्येक फेऱ्याला एका पायाने जिना चढणं. माणूस उभा राहतो, नाडी वर जाते, मग रस्त्यावर नागमोडी सुरू होते आणि मागून जीप हॉर्न मारते. ३४ वर तोच तुकडा पन्नासच्या कॅडन्सला निघतो. आरामात नाही, पण बसून निघतो.

या कॅसेटवरचा नेहमीचा आक्षेप असा, की मोठी कॅसेट लावली की गिअरांमधली अंतरं वाढतात आणि सपाटीवर लय तुटते. हा आक्षेप घेणाऱ्यांनी दोन्ही कॅसेटचे दाते शेजारी शेजारी मांडून पाहिलेले नसतात. शिमानोच्या १०५ या गिअर-संचाची ११-२८ अशी आहे: ११-१२-१३-१४-१५-१७-१९-२१-२३-२५-२८. म्हणजे १५ पासून २५ पर्यंतच्या सहाच्या सहा चकत्या दोन्हींत त्याच. ११-३४ मध्ये गेल्या त्या फक्त १२ आणि १४. शेवटी एका २८ च्या जागी २७, ३० आणि ३४ आल्या. पुढच्या ५० बरोबर ९० च्या कॅडन्सला १५ ची चकती तासाला ३८ किलोमीटर देते. १४ ची उणीव जाणवायची, तर सपाटीवर त्याहून जोरात जायला हवं. ग्रुपमध्ये पुढे राहून ४० ने ओढणारे असतील त्यांना १३ ते १५ ही उडी खुपेल, त्यांचं म्हणणं मान्य. बाकीच्यांची लय होती तिथेच राहते. उतारावरही काही जात नाही, कारण सगळ्यात लहान चकती ११ चीच आहे.

कॅसेट घेतली, बसवली, निघालो, असं मात्र होत नाही. खरी मेख डिरेलरमध्ये, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेत आहे. १०५ च्या आर७००० या ११ स्पीड पिढीचा मागचा डिरेलर दोन लांबीत येतो. आखूड एसएस जास्तीत जास्त ३० दात्यांपर्यंत चालतो, मध्यम जीएस २८ ते ३४ पर्यंत. कोणता आहे ते डिरेलरच्या मागच्या बाजूला कोरलेलं असतं. टॉर्च मारून आधी ते वाचा, मगच कॅसेटची ऑर्डर द्या. एसएस असेल तर जीएस डिरेलरही घ्यावा लागेल, खर्चाचा अंदाज तसा बांधा. पुढे कधी २८ परत लावावीशी वाटली तरी जीएस तिला चालतो, त्यामुळे पैसे वाया जात नाहीत. १०५ च्या त्याआधीच्या ५८०० पिढीचा जीएस अधिकृतपणे ३२ पर्यंतच आहे.

ही मर्यादा फक्त कागदावरची नाही. डिरेलरला किती ढिली चेन गुंडाळता येते, याचा हिशोब असा: पुढच्या दोन चकत्यांचा फरक अधिक मागच्या मोठ्या-लहानाचा फरक. ५०-३४ आणि ११-३४ ला १६ अधिक २३, म्हणजे ३९. जीएस ची क्षमता बरोबर ३९, एसएस ची ३५. एसएस वर जबरदस्तीने ३४ लावली तर दोनच गोष्टी होऊ शकतात. चेन लांब ठेवली तर लहान-लहान जोडीवर (पुढे-मागे दोन्हीकडे सगळ्यात लहान चकती) ती लोंबते. आखूड ठेवली तर चुकून मोठ्या-मोठ्यावर गेल्यावर डिरेलर ताणला जातो आणि हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) तुटतो, कधी डिरेलर स्पोकमध्येही जातो. "बी स्क्रू आत घेतला की चालतंय," असं सांगणारे भेटतील. बी स्क्रूने डिरेलरची वरची पुली (चेन फिरवणारं छोटं चाक) मोठ्या चकतीपासून लांब जाते एवढंच, चेन गुंडाळण्याची क्षमता त्याने एका दात्यानेही वाढत नाही.

डिरेलर बदलायचाच नसेल तर एसएस वर ११-३० बसते आणि ३५ ची क्षमता तंतोतंत पुरते. पण २८ वरून ३० म्हणजे जोर जेमतेम साडेसहा टक्क्यांनी कमी. दुधाची तहान ताकावर. आणि ज्यांच्याकडे आधीच ११-३२ आहे त्यांनी ती झिजेपर्यंत ३४ चा विचारही करू नये, तिथेही फरक सहा टक्क्यांचाच आहे.

चेन नवीन घ्यावीच लागते, याला दोन कारणं. मोठी चकती सहा दात्यांनी वाढली की चेन साधारण दोन ते चार कड्यांनी लांब लागते. जुन्या चेनला नव्या कड्यांचा तुकडा जोडू नका, जुना भाग झिजलेला असतो आणि जोड अडखळतो. दुसरं कारण म्हणजे ताणलेली जुनी चेन नव्या कॅसेटचे दाते लवकर झिजवते. लांबी मोजायची जुनी रीत अजून उत्तम आहे: डिरेलरमधून न घालता चेन मोठ्या-मोठ्या जोडीवरून गुंडाळायची आणि जिथे टोकं भेटतात तिथून दोन कड्या, एक आतली आणि एक बाहेरची, जास्त ठेवायच्या. ११६ कड्यांची चेन बहुतेक सायकलींना पुरून थोडी उरते. तोडण्याआधी दोनदा मोजा.

बसवताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो १.८५ मिलिमीटरच्या रिंगेचा. ही कॅसेट ११ स्पीडची असली तरी तिची रुंदी जुन्या ८, ९, १० स्पीडच्या फ्रीहबला (मागच्या हबवर कॅसेट बसते तो भाग) जुळणारी आहे. त्यामुळे ११ स्पीडच्या रोड हबवर आधी ही रिंग चढवावी लागते, मग कॅसेट. १० स्पीडच्या हबवर रिंग नको. रिंग विसरली तर लॉकरिंग (कॅसेट जागेवर धरणारं आट्यांचं कडं) पूर्ण घट्ट होतं, तरी कॅसेट हाताला खुळखुळते आणि कितीही ट्यून केलं तरी गिअर नीट पडत नाहीत. अशा सायकली "डिरेलर खराब आहे" म्हणून परत येतात. उलट, जुनी १० स्पीडची चाकं पडून असतील त्यांच्यासाठी हीच गोष्ट वरदान आहे. १०५ ची ११-२८ त्या चाकांवर बसत नाही, ही बसते.

लॉकरिंग ४० न्यूटन मीटरला घट्ट करायचं. हाताच्या अंदाजाने सांगायचं तर फूटभर लांब पान्यावर चांगला जोर, शेवटी कट-कट आवाज येईपर्यंत. डिरेलरचा बोल्ट ८ ते १०, केबलचा ६ ते ७. जुन्या केबलचं टोक उसवलेलं असतं, ती परत वापरू नका. पुढे लहान, मागे ३४ असं ठेवून वरची पुली आणि चकती यांत ५-६ मिलिमीटर अंतर राहील इतका बी स्क्रू फिरवा. घरघर आली तर थोडा आत. त्यानंतर 'लो' स्क्रू (डिरेलरला मोठ्या चकतीपलीकडे जाऊ न देणारा) न चुकता तपासा. पूर्वी २८ ला लावलेली हद्द आता बरोबर असेलच असं नाही आणि इथली चूक थेट स्पोकमध्ये जाते. हँगर जरासा वाकलेला असेल तर २८ वर लपून जायचं, ३४ वर लपत नाही. शेवटचे दोन गिअर टिकटिक करत असतील तर केबलशी खेळण्याआधी हँगर मोजून सरळ करा.

शिमानोच्याच १० स्पीडच्या टियाग्रा ४७०० गिअर-संचावर हेच गणित एचजी५०० च्या ११-३४ ने जमतं, तिथेही डिरेलर जीएसच हवा. माउंटन बाइकचा १० किंवा ११ स्पीडचा डिरेलर रोडच्या शिफ्टरशी (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) जुळत नाही, कारण केबल ओढण्याचं प्रमाण वेगळं असतं. स्वस्त मिळाला म्हणून घेऊन फसणारे बरेच. ८ आणि ९ स्पीडवाल्यांचं नशीब मात्र इथे बलवत्तर. शिमानोच्या क्लॅरिस (८ स्पीड) आणि सोरा (९ स्पीड) संचांच्या शिफ्टरवर त्याच स्पीडच्या जमान्यातले माउंटनचे लांब डिरेलर बिनतक्रार चालतात. सोराला माउंटनच्या अलिव्हिओ संचाचा ९ स्पीड डिरेलर आणि ११-३६ कॅसेट लावली की ३४-३६ मिळतो, पेडलच्या एका फेऱ्याला २ मीटरलाही किंचित कमी. ११ स्पीडच्या १०५ वाल्याला न मिळणारा गिअर.

सामान लादून वरंधा किंवा आंबोली करायची असेल, किंवा रायडरचंच वजन नव्वदच्या पुढे असेल, तर ११-३४ पुरणार नाही. मग पुढचा क्रँक (पेडलचे दांडे आणि पुढच्या चकत्या) बदलावा लागतो, कारण कॉम्पॅक्ट, म्हणजे ५०-३४ च्या क्रँकवर ३४ हीच व्यवहारातली खालची हद्द आहे. ४६-३० च्या क्रँकने ३०-३४ मिळतो, म्हणजे १.८५ मीटर. वर ४६-११ ला ९० च्या कॅडन्सने तासाला ४७ किलोमीटर निघतातच, कमी काय पडलं? मात्र शिमानोचा जीआरएक्स ४६-३० घेतला तर त्याची चेनलाइन (पुढच्या चकत्यांवरून चेन धावते ती रेषा) अडीच मिलिमीटर बाहेर असते आणि पुढचा डिरेलरही जीआरएक्सचाच लागतो. खर्च कॅसेटच्या कितीतरी पट. म्हणून आधी मागचं करून एखादा हंगाम घाट चढून बघा.

नवी केबल पहिल्या १००-१५० किलोमीटरमध्ये बसते आणि गिअर किंचित मागे पडू लागतात. डिरेलरजवळचा बॅरल (केबलचा ताण बदलणारी चकरी) पाव-अर्धा फेरा घड्याळाच्या उलट फिरवला की काम होतं, त्यासाठी दुकानात जायची गरज नाही.