बारा सत्रांची आघात-उपचारसेवा: एका रुग्णाचा अभिप्राय

रस्त्यावरील अपघाताला सात महिने झाल्यानंतर मी आघातोत्तर तणाव विकारावर, म्हणजे पीटीएसडीवर, उपचार देणाऱ्या एका केंद्रात गेले. मागून मोठ्या वाहनाचा आवाज आला की छातीत धडधडत असे, रात्री तेच स्वप्न पडत असे आणि गाडीत पुढे बसणे मी सोडूनच दिले होते. त्याआधी एका ठिकाणी मला केवळ झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. झोप लागत असे, पण भीती जिथल्या तिथेच राहत असे.

पहिल्या भेटीत पीसीएल-५ ही पीटीएसडीच्या लक्षणांची तीव्रता मोजणारी २० प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण असतात आणि माझे ८० पैकी ५४ आले. केवळ या आकड्यावर निदान करता येत नाही, हे सांगून समुपदेशक बाईंनी सविस्तर मुलाखत घेतली. आघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अशी लक्षणे अनेकांना जाणवतात आणि बहुतेकांची आपोआप ओसरतात. ती महिन्याहून अधिक काळ टिकून रोजच्या जगण्यात अडथळा आणू लागली, तरच हे निदान केले जाते. टाळाटाळीविषयीचे त्यांचे विवेचन मला फार मोलाचे वाटले. भीतीदायक गोष्ट टाळली की क्षणभर हायसे वाटते, म्हणून मन ती पुन्हा पुन्हा टाळते आणि धोका आता सरला आहे हे शिकण्याची संधीच त्याला मिळत नाही.

प्रोलाँग्ड एक्स्पोजर (टाळलेल्या आठवणींना आणि प्रसंगांना टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे), ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत आघाताची आठवण हाताळणे), कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी (आघाताविषयीचे आपले विचार तपासून बदलणे) आणि औषधे हे चारही पर्याय समजावून देऊन निर्णय माझ्यावर सोपवला गेला. मी तिसरा पर्याय निवडला, कारण त्यात अपघाताचा तपशील पुन्हा पुन्हा सांगण्याची सक्ती नव्हती. हा उपचार साधारणपणे १२ सत्रांचा असतो. आघात का घडला आणि त्याने आपल्यात काय बदलले, हे पहिल्याच आठवड्यात लिहून आणायचे होते. ‘मी भावाला त्या रस्त्याने जायला सांगितले नसते, तर त्याचा पाय वाचला असता,’ असे मी लिहिले. आजवर भेटलेल्या प्रत्येकाने ‘तुझी काही चूक नाही’ एवढेच म्हटले होते आणि ते मला कधीच पटले नव्हते. बाईंनी मात्र विचारले, ‘रस्ता सुचवला त्या क्षणी तुम्हाला नेमके काय ठाऊक होते?’ या प्रश्नाचे उत्तर लिहिताना मी अनेक महिन्यांनी मोकळेपणाने रडले. पुढची सत्रे सुरक्षितता, विश्वास, नियंत्रण, आत्मसन्मान आणि जवळीक या विषयांवर झाली.

सुरुवातीला त्रास वाढू शकतो, ही पूर्वसूचना त्यांनी दिली होती. तिसऱ्या आठवड्यात तो खरोखरच वाढला, पण ती सूचना आठवल्यामुळे मी उपचार सोडले नाहीत.

दोन बाबतींत मात्र माझी नाराजी आहे. घरी भरायच्या तक्त्यांची भाषा इतकी पुस्तकी होती की पाचव्या आठवड्यात मी ते कोरेच परत नेले. शिवाय घरच्यांना केवळ एक माहितीपत्रक दिले गेले. मी एकाएकी का चिडते, हॉटेलात दाराकडे पाठ करून का बसत नाही, हे माझ्या आईला कोणीतरी समोर बसवून सांगायला हवे होते. अशी एकही एकत्र भेट ठरवली गेली नाही, ही मला सेवेतील गंभीर उणीव वाटते.

असे केंद्र शोधणाऱ्यांनी आघातासाठीची नेमकी कोणती उपचारपद्धती वापरली जाते आणि प्रगती कशी मोजली जाते, हे आधीच विचारून घ्यावे. इथे प्रश्नावली दर आठवड्याला भरून घेत असत. चौथ्या सत्रापर्यंत माझा आकडा पन्नाशीच्या खाली आला नव्हता. बाराव्या सत्रात तो २१ होता. करकचून लागलेल्या ब्रेकचा आवाज ऐकला की आजही माझे हात घट्ट आवळले जातात, पण गेल्या रविवारी भावाने गाडी काढली तेव्हा मी पुढच्या आसनावर बसले.