सर्व्हरला ‘ओरिजिनल’ लॅन कार्ड घेताय? अंबड-सातपूरच्या कारखानदारांनी हे वाचा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं सीएनसी जॉबवर्कचं युनिट आहे. ड्रॉइंग, मशीनचे प्रोग्रॅम आणि टॅली एका सर्व्हरवर. दुसरा बॅकअपसाठी, तो रात्रीच चालू होतो. दोन्हींत चार पोर्टचं, म्हणजे चार केबल लावता येतील असं, लॅन कार्ड (सर्व्हर नेटवर्कला जोडणारं) टाकायचं होतं. नेटवर्कची कामं घेणाऱ्या एकाने इंटेलची आय-350 कार्डं ‘ओरिजिनल, कंपनीची वॉरंटी’ म्हणून दिली आणि 28,000 रुपये घेतले. बिलावर फक्त ‘लॅन कार्ड, 2 नग’. सिरीयल नंबर मेल करतो म्हणाला, ते कधी आलेच नाहीत.

बसवताना त्याने एकेक सर्व्हर चालू करून दाखवला. हिरवे दिवे लागले, स्पीड 1 जीबीपीएस दिसला, मोठी फाइल झटक्यात कॉपी झाली. दोन्ही सर्व्हर एकदम चालू असताना मात्र काही दाखवलं नाही.

मग रात्रपाळीचा त्रास सुरू झाला. ड्रॉइंग अर्धवट उघडून अडकायचं, टॅली मध्येच बंद पडायची. दिवसा सगळं सुरळीत. कार्डं देणारा म्हणाला, “साहेब, स्विच (सगळ्या केबल जोडणारा डबा) गेलाय तुमचा.” नवा स्विच त्याच्याकडूनच घ्यायला लावला. तरी तेच. मग येऊन काहीतरी टाइप केलं, ‘सेटिंग होतं’ म्हणून व्हिजिटचे पैसे घेतले आणि खरंच चालू झालं. पुढे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नव्याने टाकला आणि रोग परत आला. आता तो फोन उचलत नाही.

पुण्यात नेटवर्कचं काम करणारा भाचा आला. त्याने दोन्ही सर्व्हरवर ‘आयपीकॉन्फिग ऑल’ ही नेटवर्कची माहिती दाखवणारी कमांड चालवली. दोन्ही कार्डांचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवर कार्ड ओळखण्याचा पत्ता, अक्षर न् अक्षर सारखा! या पत्त्याचा पहिला भाग कंपनीचा असतो, उरलेला प्रत्येक पोर्टचा स्वतंत्र. एकच पत्ता दोन ठिकाणी दिसला की स्विच गोंधळतो, डेटा कधी इकडे पाठवतो, कधी तिकडे. काही नकली कार्डांत एकच पत्ता सरसकट भरलेला असतो. त्या माणसाने ड्रायव्हरमध्ये हाताने वेगळा पत्ता टाकून हे झाकलं होतं; नव्या ड्रायव्हरबरोबर तो पुसला गेला. म्हणजे दोष स्विचचा नाही, कार्डांचा आहे हे त्याला तेव्हा तरी ठाऊक होतं, आणि तरीही त्याने आम्हाला ते सांगितलं नाही. याचाच जास्त संताप येतो.

कार्डं बाहेर काढली. स्टिकरवर दोघांचे पत्ते वेगवेगळे छापलेले, सर्व्हरमध्ये दिसणारा तिसराच. ओला अंगठा फिरवला तर स्टिकरची शाई पसरली.

तेव्हा पैसे देण्याआधी बिलावर मॉडेल आणि प्रत्येक कार्डाचा सिरीयल नंबर लिहून घ्या. स्टिकरवरचा पत्ता आणि सर्व्हरमधला पत्ता जुळवा, सगळी कार्डं एकाच वेळी चालवून पाहा. टीमिंग (अनेक पोर्ट एकत्र जोडून एकासारखे वापरणं) केलं असेल तर आधी काढा, कारण टीममध्ये पोर्ट एकच पत्ता दाखवू शकतात आणि तपासणी फसते.

ग्राहक आयोगाच्या भरवशावर राहू नका. 2019 च्या कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेल्या मालाला ‘ग्राहक’ म्हणून दाद मिळत नाही. सवलत आहे ती स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला. आम्ही पोलिसांत फसवणुकीची लेखी तक्रार दिली आहे. सोबत बिल, बँकेचा व्यवहार आणि दोन्ही सर्व्हरच्या स्क्रीनचे फोटो जोडलेत. कार्डं स्टिकरसकट पाकिटात बंद ठेवली आहेत. तुमच्याकडेही अशी कार्डं बसवून घेतली असतील, तर आजच दोन सर्व्हरचे पत्ते शेजारी ठेवून पाहा.