लुरासिडोन 40 : सात महिने आणि ताटातल्या 350 कॅलरी

काल फोंड्यातील एका फार्मसीत माझ्यापुढच्या बाईंना लुरासिडोन या मनोविकारावरील औषधाच्या पाच गोळ्या पट्टीतून कापून देताना विक्रेत्याने ‘जेवणाआधी घ्या, नंतर घ्या, चालतं’ असे बेधडक सांगितले, म्हणून सात महिने टाळलेला हा अनुभव लिहायला घेतला.

बायपोलर म्हणजे उन्माद-नैराश्याच्या आजारासाठी मला आधी ओलान्झापीन हे औषध होते. झोप उत्तम लागे, पण आठ महिन्यांत वजन 11 किलोंनी वाढले आणि उपाशीपोटीची साखरही चढली, तेव्हा डॉक्टरांनी लुरासिडोन 40 मिलिग्रॅम सुरू केले. नवी गोळी कितीतरी महाग असल्याने तिच्यावर माझा पहिल्या दिवसापासून राग होता, आणि तीन महिने तो रास्तही वाटला. वजन उतरले, उदासी मात्र तसूभरही हलली नाही. मात्रा 80 करण्याआधी डॉक्टरांनी विचारले, ‘‘गोळी जेवणाबरोबरच घेता ना?’’ मी म्हटले, ‘‘हो, पेजेबरोबर.’’

सगळी गोम तिथेच होती. हे औषध किमान 350 कॅलरींच्या जेवणाबरोबरच घ्यायचे असते. उपाशीपोटी घेतल्यास रक्तात पोहोचणारे एकूण प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते. जेवण तेलकटच हवे असेही नाही. घरी तराजू काढला. 350 कॅलरी म्हणजे सुमारे 100 ग्रॅम कच्चे तांदूळ, आणि वजनाच्या धास्तीने मी रात्री मिठातल्या तोराच्या (कैरीच्या) फोडीबरोबर पीत असलेल्या पातळ पेजेत उकडे तांदूळ भरले जेमतेम 30 ग्रॅम. तीन महिन्यांच्या गोळ्यांचे किती पैसे पाण्यात गेले, हा हिशेब मी अजून पत्नीला सांगितलेला नाही.

पोटभर शीत-कढीनंतर, म्हणजे भात-कालवणानंतर, गोळी घेऊ लागल्यावर मात्रा न वाढवताच महिन्याभरात मन उभारी धरू लागले. मात्र औषध पुरते पोहोचताच दुसरा त्रास उपटला : पणजीच्या बसमध्ये पाय एका जागी ठरेनात, आणि बाणस्तारीला मी मिळालेली सीट सोडून उभा राहिलो. याला अकाथिसिया म्हणतात. डॉक्टरांनी प्रोप्रानोलोल ही आणखी एक गोळी जोडल्यावर तो ओसरला.

श्रावणी सोमवारचा प्रश्न उरला होता, तो 50 ग्रॅम साबुदाणा, 30 ग्रॅम दाण्याचे कूट आणि चमचाभर तूप यांनी सोडवला.

काल त्या बाईंना थांबवून मी जेवणाची अट सांगितली. त्यांनी पट्टी उलटून पाहिली. कात्री नेमकी नावावरून गेल्यामुळे तिच्यावर ‘लुरा’ एवढेच उरले होते.