बोवीचा दौरा की स्वतःचा बँड?

१९८३ साली गिटारवादक स्टीवी रे वॉनसमोर दोन वाटा होत्या. इंग्लिश रॉक गायक डेव्हिड बोवीच्या 'लेट्स डान्स' अल्बमवर तो वाजवून मोकळा झाला होता. आता बोवीबरोबर जगभर दौरा करायचा, की टेक्सासच्या आपल्या 'डबल ट्रबल' बँडबरोबरच राहायचं?

दौऱ्यात पैसा होता, मोठी स्टेडियमं होती, नावही झालं असतं. पण तिथे गाणी दुसऱ्याची. सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, कधी आणि किती, हेही दुसराच ठरवणार. स्टुडिओतली गोष्ट वेगळी. शीर्षकगीताच्या शेवटाकडचा त्याचा सोलो नीट ऐका: नाचाच्या ठेक्यावर मोजकेच सूर, जुना गिटारवादक अल्बर्ट किंगच्या ढंगात ताणलेल्या तारा, मध्ये मोकळी जागा. दुसऱ्याच्या गाण्यात राहूनही तो पहिल्या सुरात ओळखू येतो. उत्तम सेशन वादन (दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगसाठी वाजवणं) म्हणतात ते हेच, असं मला ठामपणे वाटतं.

ऐन तोंडावर त्याने दौरा सोडला. जूनमध्ये त्याचा आणि 'डबल ट्रबल'चा 'टेक्सास फ्लड' अल्बम आला आणि ब्लूज ही जुनी अमेरिकन शैली पुन्हा तरुणांच्या कानावर पडू लागली.

त्याच्या जागी दौऱ्यावर गिटारवादक अर्ल स्लिक गेला. ही वाट कमी प्रतीची अजिबात नाही. स्लिक १९७४ पासून बोवीचा साथीदार, १९८० च्या जॉन लेननच्या 'डबल फँटसी' अल्बमवरही त्याची गिटार. गायकाला सांभाळून घेत वाजवणं हे स्वतंत्र कसब आहे, आणि त्यावर त्याची कारकीर्द दशकानुदशकं चालली. पण आतून स्वतःचंच गाणं उसळत असेल, तर मी वॉनचीच निवड करेन.