लोकगीत शिकायचंय: निवासी शिबिर, शहरातला वर्ग, की थेट शाहिराच्या मागे उभं राहायचं?

उन्हाळी सुट्टीत नाशिकमध्ये राहून लोकगीत लिहायला आणि चारचौघांत गायला शिकायचं म्हटलं, तर समोर तीन वाटा दिसतात. पहिली म्हणजे त्र्यंबक रस्ता, इगतपुरी किंवा दिंडोरीकडे एखाद्या शाळेत नाहीतर कृषी पर्यटन केंद्रात भरणारं सात-दहा दिवसांचं निवासी शिबिर. दुसरी, गंगापूर रोड, पंचवटी, इंदिरानगर अशा ठिकाणी एखाद्या हॉलमध्ये रोज दीड-दोन तास चालणारा महिनाभराचा वर्ग. तिसऱ्या वाटेची जाहिरात कुठे लागत नाही. ओळखीपाळखीतून एखाद्या शाहिराकडे, गोंधळ्याकडे किंवा गायन पार्टीकडे जायचं आणि त्यांच्या मागे उभं राहून शिकायचं.

फी किती, जागा कशी, पाहुणे कोण येणार, हे लोक आधी विचारतात. माझ्या लेखी ते सगळं नंतरचं. पहिला प्रश्न असा, की तुम्ही लिहिलेलं पालुपद उचलायला तिथे झीलकरी, म्हणजे मागे उभं राहून ओळ धरणारे साथीदार, मिळणार आहेत का? मिळणार नसतील, तर तुम्ही कविता लिहून परत याल. तीही वाईट नाही, पण त्यासाठी पैसे भरून शिबिराला जायची गरज नाही.

पोवाडा घ्या, भारूड घ्या, गोंधळ घ्या. मुख्य गाणारा एकटा कधीच नसतो. मागे डफ, तुणतुणं, झांज घेतलेले दोघं-तिघं असतात आणि ओळ संपायच्या आत ते ती उचलतात. पुढचा दम घेतो तेवढ्यात मागच्यांनी गाणं सांभाळलेलं असतं. म्हणजे पालुपदाची लांबी कागद ठरवत नाही, मागच्यांचा श्वास ठरवतो. घरी खोलीत बसून लिहिणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही. तो उत्साहाने ‘जलव्यवस्थापनाची समस्या झाली गंभीर’ असं लिहितो आणि मागचे दुसऱ्याच आवर्तनात अडखळतात. त्याच पाण्यावर कुणी ‘धरण उशाला नि कोरड घशाला’ म्हटलं, की न शिकवता सगळे धरतात. म्हण सगळ्यांची, बोली सगळ्यांची, आणि मे महिन्यात इगतपुरी-त्र्यंबकच्या पाड्यांवर तीच परिस्थिती. तिन्ही वाटांची तुलना मी या एका कसोटीवर करणार आहे.

निवासी शिबिर

लिहायला शिकायचं असेल तर निवासी शिबिराला तोड नाही. कारण साधं आहे, झीलकरी दिवसभर हाताशी असतात. रात्री सुचलेलं कडवं सकाळी चहाच्या रांगेत म्हणून बघता येतं. चार जणांनी ते उचललं तर ठीक, तोंडं वाकडी झाली तर दुपारपर्यंत बदलायला वेळ आहे. शहरातल्या वर्गात हे एवढंसं काम व्हायला आठवडा जातो.

मात्र शिबिरात लिहिणं खरंच शिकवतात का, हे आधी तपासा. ‘गीतलेखन कार्यशाळा’ या नावाखाली पुष्कळदा प्रेरणादायी भाषण असतं आणि त्यानंतर ‘आता लिहा’ एवढाच आदेश. चांगला शिकवणारा अक्षरं मोजण्यापासून सुरू करतो. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं. हा साचा एका सकाळीत हातात येतो आणि फाफटपसारा आपोआप गळतो. मग जात्यावरची ओवी. तिला अक्षरांचं बंधन सैल, पण दळणाच्या लयीचं घट्ट. त्यानंतर पोवाड्याचा चौक, म्हणजे त्याचा एक भाग, त्यातलं मधलं गद्य, आणि गद्यातून पुन्हा गाण्यात शिरायची जागा. नवख्यांची सगळ्यात जास्त त्रेधा उडते ती याच जागेवर. संयोजकांना फोनवर सरळ विचारा, की पहिल्या दोन दिवसांत मुलं काय लिहिणार? उत्तरात ‘मुक्त अभिव्यक्ती’ आलं, तर मी पुढचं शिबिर शोधीन.

नवीन चाल पहिल्याच दिवशी बांधायला लावणाऱ्यांवरही माझा फारसा विश्वास नाही. ओळखीच्या चालीवर आपले शब्द बसवणं ही जुनी आणि खात्रीची तालीम आहे. आपल्याच जिल्ह्यातले लोककवी वामनदादा कर्डक (जन्म 15 ऑगस्ट 1922, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी) यांनी सुरुवात चालत्या गाण्याच्या विडंबनापासून केली होती, तीही मोठेपणी अक्षरओळख झाल्यावर. पुढे त्यांची गाणी वस्त्यावस्त्यांत गेली ती गायन पार्ट्यांच्या गळ्यातून. मागे उभ्या राहणाऱ्यांनी ती उचलली म्हणून.

आता निवासी शिबिराच्या उण्या बाजू. तिसऱ्या-चौथ्या दिवशी निम्म्या मुलांचे आवाज बसलेले असतात. पोवाडा म्हणजे ओरडणं असा समज असतो, आणि शिकवणारा एकच असेल तर तो सगळ्यांना आपल्याच पट्टीत गायला लावतो. ढोबळ मानाने, पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर, मुलगे काळी एक-दोनच्या आसपास आणि मुली काळी चार-पाचच्या आसपास मोकळ्या गातात. बारा ते पंधरा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटत असेल तर त्याची पट्टी महिन्यातही बदलते. ‘मुला-मुलींची पट्टी वेगळी धरता का?’ या प्रश्नावर समोरचा गोंधळला, तर त्या शिबिरात तुमच्या गळ्याची काळजी कुणी घेणार नाही.

दुसरं, समारोप. मी साथीला बसलो होतो त्या एका शिबिरात शेवटचे तीन दिवस फक्त समारोपाच्या तालमीत गेले. वेशभूषा, प्रवेश कुठून, पाहुण्यांचं स्वागतगीत. मुलांनी लिहिलेली गाणी तशीच वहीत राहिली आणि मंचावर सगळ्यांना पाठ असलेलीच गाणी झाली. पालक खूश होते म्हणा. समारोपात मुलांच्या स्वतःच्या गाण्यांना किती वेळ आहे, हे आधी विचारून ठेवा.

राहण्या-जेवणाबद्दल थोडक्यात. मुलींची व्यवस्था स्वतंत्र आणि रात्री तिथे जबाबदार बाई आहेत का, जवळचा दवाखाना किती लांब, वीज गेली तर काय. मे महिन्यात वळवाचा एक शिडकावा झाला तरी डफ-हलगीचं चामडं ढिलं पडतं आणि शेकायला विस्तव लागतो. त्यासाठी जागा ठेवलेली असेल तर संयोजक अनुभवी आहेत असं समजायला हरकत नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियम शिबिरालाही लागू आहे. त्याने बिघडत नाही, उलट माइक नसताना कोण कुणाला ऐकून गातो ते तेव्हाच कळतं.

शहरातला रोजचा वर्ग

हात आणि गळा बसवायचा असेल तर मी डोळे झाकून रोजचा वर्ग सांगेन. ढोलकी सात दिवसांत येत नाही. आठ मात्रांचा केरवा नुसता हातात धरायला, म्हणजे गाणारा पुढे पळाला तरी आपण न पळता धरून ठेवायला, महिना लागतो. रोज दीड तास, उरलेला दिवस गळ्याला विश्रांती, घरी थोडा रियाज. हा क्रम शरीराला मानवतो. तुणतुणं, दिमडी, झांज लवकर येतात. संबळ शिकायचा मोह बऱ्याच जणांना होतो, पण त्यासाठी गोंधळी घरातलाच शिकवणारा गाठावा.

लिहिण्याच्या बाबतीत मात्र वर्ग कमी पडतो. लिहिणं ‘गृहपाठ’ होतं. दीड तासात हजेरी, सराव आणि एकेकाचं ऐकणं यातच वेळ संपतो आणि सगळे आपापल्या गाड्यांना किक मारून निघतात. मेमध्ये अर्ध्या मुलांकडे लग्नं असतात, त्यामुळे आज झीलकरी चार तर उद्या एक. यावर उपाय आहे. एकाच भागातली दोन-तीन मुलं मिळून नाव घाला आणि संध्याकाळी गच्चीवर आपलं आपण बसा. एकट्याने नाव घालणार असाल, तर लेखनाची अपेक्षा कमी ठेवा.

वेळ सकाळी सातची घ्या. दुपारी चारच्या बॅचला सिडकोहून सिटीलिंकच्या बसने गंगापूर रोडला पोचेपर्यंत गाण्याची इच्छा वाफ होऊन जाते. सकाळच्या बॅचचा आणखी एक फायदा म्हणजे संध्याकाळ ऐकायला मोकळी राहते. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते. माइकसमोर उभा राहून माणूस श्रोत्यांना कसा धरतो किंवा कसा घालवतो, हे बघण्यासाठी तरी एक-दोनदा जाऊन बसावं.

शाहिराच्या मागे

ही वाट सगळ्यात खरी आणि उन्हाळ्यात सगळ्यात अवघड. अडचण हंगामाची आहे. तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात ते बुद्धपौर्णिमेच्या सुमाराला थांबतात. चैत्रात वणीच्या गडावर यात्रा, गावोगावी जत्रा, लग्नसराईत गोंधळ. म्हणजे शाळेला सुट्टी लागते तेव्हा गाणारा माणूस गळ्यापर्यंत कामात असतो. तो तुम्हाला शिकवायला बसणार नाही. फार तर म्हणेल, ‘ये, मागं उभा राहा.’

आणि तेवढंच पुरेसं आहे. इथे झीलकरी शोधायचे नसतात, तुम्हीच झीलकरी होता. दुसऱ्याची ओळ पन्नास वेळा उचलल्यावर कोणता शब्द तोंडात बसतो आणि कोणता दाताला लागतो, ते कुणी न सांगता समजतं. लिहायला कुणी शिकवणार नाही, अभ्यासक्रम नाही, प्रमाणपत्र तर नाहीच. मोबदल्याची बोलणी मात्र आधी आणि स्पष्ट करा. ‘आपला लोककलावंत’ म्हणून फुकट शिकायला जाणारे मी पाहिले आहेत, आणि ते मला पटत नाही. रात्रभराची जागरणं असतात, त्यामुळे अठराच्या आतल्यांनी घरच्या मोठ्या माणसासोबतच जावं.

कळवण, सुरगाणा, पेठच्या बाजूला जाणार असाल तर एक गोष्ट सांभाळा. डोंगऱ्यादेवाची गाणी मार्गशीर्षातल्या व्रताची आहेत. भगत थाळ लावतो, म्हणजे काशाच्या थाळीवर मेणाने काडी उभी करून तिच्यावरून बोटं ओढत गातो, तेव्हा तो पूजेला बसलेला असतो. ऐकायला बोलावलं तर ऐकावं. ते उचलून समारोपाचा ‘आदिवासी आयटम’ करणारं शिबिर मी तरी टाळीन, बाकी सगळं कितीही चांगलं असो. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातल्या अहिराणी गाण्यांचं तसं नाही. लग्नाची, चेष्टेची गाणी बायका हौसेने शिकवतात. फक्त कुणाकडून शिकलात त्यांचं नाव मंचावर घ्या.

मधल्या वाटाही आहेत. राज्याचं सांस्कृतिक कार्य संचालनालय शाहिरी, तमाशा अशा कलांची प्रशिक्षण शिबिरं भरवतं. सूचना आली तर अर्ज जरूर करा, पण सुट्टीचं वेळापत्रक त्या भरवशावर आखू नका. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीचा विचार पुढे, हे काम आयुष्यभर करायचं ठरलं तर. ऑनलाइन वर्ग मी या तुलनेत धरलेच नाहीत. व्हिडिओ कॉलवर आवाज क्षणभर उशिरा पोचतो, त्यामुळे एकानं म्हणायचं आणि दुसऱ्यांनी उचलायचं हे तिथे जमतच नाही. घरबसल्या काही करायचंच असेल तर जात्यावरच्या ओव्या ऐका. अभ्यासक गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर त्यातल्या बऱ्याच फुकट ऐकता येतात. दोन ओळीत अख्खा संसार कसा मावतो, ते तिथे दिसेल.

फॉर्म भरताना एक कलम नीट वाचा, चित्रीकरणाचं. शिबिरं मुलांचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतात. तुम्ही लिहिलेल्या शब्दांचा हक्क तुमचा आहे, आणि कायद्याने तो लेखकाच्या हयातीत व त्यानंतर 60 वर्षं राहतो. ‘सर्व साहित्य संस्थेच्या मालकीचे’ असं छापलेलं असेल तर ती ओळ खोडून मग सही करा. पारंपरिक चाल कुणाच्या मालकीची नाही, पण सिनेमातल्या गाण्याची आहे. त्या चालीवरचं गाणं शिबिरात म्हणायला ठीक, चॅनलवर टाकताना अडचण येऊ शकते.

आता कोणी काय निवडावं. आठवी-नववीतला मुलगा किंवा मुलगी असेल तर शहरातला सकाळचा वर्ग, शक्यतो मैत्रिणी-मित्रांसोबत. वहीत आधीच दहा-बारा गाणी पडून असलेला कॉलेजचा विद्यार्थी निवासी शिबिराला जावा, वही घेऊन, आणि त्यातली निम्मी तिथे मोडून पडतील याची तयारी ठेवून. भजनी मंडळात वर्षानुवर्षं गाणाऱ्या चाळिशीच्या बाईंना दोन्हीची गरज नाही. झीलकरी त्यांच्याकडे आहेतच, त्यांनी मंडळातच एक नवं पालुपद टाकून बघावं. गळा तयार आणि वय अठराच्या पुढे असेल, तर शाहिराला फोन करा.

निवासी शिबिराची तारीख बुद्धपौर्णिमेच्या आधीची असेल आणि पत्रिकेवर फडातल्या कलावंतांची नावं असतील, तर पैसे भरण्याआधी ते किती दिवस राहणार ते विचारा. सुपारी आली की ते जाणार, आणि जावंच. पौर्णिमेनंतरच्या शिबिरात तोच माणूस दिवसभर निवांत बसलेला सापडतो. दोन्ही तारखा मिळत असतील तर नंतरची घ्या.