पाण्याच्या वाटेने जुने शहर : एका हेरिटेज वॉकविषयी

छत्रपती संभाजीनगरात बावीस वर्षे राहूनही जुने शहर मी पायी असे कधी पाहिले नव्हते. सिडकोतून गुलमंडीकडे जाणे व्हायचे ते लग्नाचा बस्ता बांधायला किंवा सराफ्यात एखादा दागिना दुरुस्तीला टाकायला, आणि वाटेतले दरवाजे रिक्षातून मान वळवण्यापुरते दिसायचे. त्यामुळे दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी सकाळी जुन्या शहरातला हेरिटेज वॉक आहे, आणि त्याचा विषय दरवाजे नसून शहराची जुनी पाणीव्यवस्था आहे, असे कळल्यावर मी लगेच दोन नावे नोंदवली, एक माझे आणि एक बाबांचे. बाबा पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले असून त्यांची निम्मी नोकरी जायकवाडीच्या २०८ किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्यावर गेली आहे. पाण्याचा विषय निघाला की त्यांना घरात बसवत नाही.

सकाळी साडेसहाला भडकल दरवाजापाशी सगळे जमले. मार्गदर्शकांनी सुरुवात मलिक अंबरपासून केली आणि ती चांगली केली. हबशी मुलखातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता पुरुष कसा झाला, त्याने १६१० मध्ये खडकी या गावाच्या जागी आपले शहर का वसवले, मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये हा दरवाजा कसा उभा राहिला, हे त्यांनी दहा-बारा मिनिटांत सांगितले. त्यानंतर ते खडकी या नावावर थांबले. हे खडकाळ माळरान आहे आणि खाम नदी बारमाही भरून वाहणारी नव्हे, मग हजारो माणसे आणि जनावरे इथे आणून वसवायची तर ती पिणार काय, हा प्रश्न शहर वसवणाऱ्याला पहिल्याच दिवशी पडलेला असणार, असे ते म्हणाले. एवढ्या एका वाक्याने पुढच्या तीन तासांना दिशा मिळाली. शहराचे नाव १६२६ नंतर फतेहनगर झाले, १६५३ मध्ये औरंगजेबाने ते औरंगाबाद केले, १६८२ मध्ये तट उभा राहिला, हे सारे पुढे ओघाने आले. पण आम्ही चालत होतो ते पाण्याच्या मागे.

दरवाजाच्या सावलीत त्यांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला एक तुकडा काढला. तो जुन्या नहरीच्या, म्हणजे शहराला पाणी आणणाऱ्या भुयारी कालव्याच्या, भाजलेल्या मातीच्या नळाचा, आमच्याकडच्या शब्दांत खापरी नळाचा, वीतभर तुकडा होता. तो हातोहात फिरला. बाहेरून कौलासारखा तांबडा, भिंत जवळजवळ बोटभर जाड, एका टोकाला पुढचा नळ आत बसावा म्हणून ठेवलेली खाच, आणि आतल्या अंगाला पांढऱ्या क्षाराचे एकावर एक बसलेले पापुद्रे. बाबांनी चष्मा कपाळावर सारून त्या पापुद्र्यांवरून नखाने हळूच रेघ ओढली आणि विचारले, “सर, हे सांधे कशाने भरायचे? आणि नळ उघडा पुरलेला असायचा की बांधकामात?” मार्गदर्शक खुलले. “काका, चुन्याच्या बांधकामात बसवलेला असायचा. आणि तुम्ही आता उताराचं विचारणार, हे मला माहीत आहे,” असे म्हणत त्यांनी जमिनीवर खडूने नहर-ए-अंबरीची रचना काढून दाखवली. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात जमिनीत झिरपलेले पाणी भुयारी बांधकामात गोळा करायचे, अगदी मंद उताराने ते शहराकडे आणायचे, मध्ये ठरावीक अंतरावर हवा निघावी, दाब कमी व्हावा आणि आत उतरून गाळ काढता यावा म्हणून वर उघडणारी विवरे ठेवायची, आणि शहरात आल्यावर खापरी नळांनी ते हौदांत व कारंज्यांत वाटून द्यायचे. सारे काही उताराच्या बळावर, उपसा कुठेच नाही. आज आमच्या नळाला येणारे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून पन्नासेक किलोमीटरवरून येते आणि शंभर मीटरहून अधिक उंचीवर पंपांनी चढवावे लागते. वीज गेली की पाणी गेले. ही तुलना मार्गदर्शकांनी केली नाही, बाबांनी केली, आणि ती ऐकायला पुढे गेलेले सात-आठ जण मागे फिरले.

पाणचक्की हा या वॉकचा सर्वांत मोठा थांबा आहे आणि त्याला दिलेला पाऊण तास मला कमीच वाटला. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला आणि पाणचक्की त्यानंतर काही दशकांनी, मोगल अंमलात उभी राहिली, तिची नहरही वेगळी आहे. तरीही कित्येक पर्यटक पाणचक्की मलिक अंबराचीच समजून घरी जातात. मार्गदर्शकांनी आत शिरण्याआधीच हा घोळ मिटवला, याचे मला विशेष समाधान वाटते. नहरीचे पाणी ज्या उंच बांधीव खांबातून दाबाने वर चढते त्या खांबापाशी त्यांनी आम्हाला गप्प उभे राहायला सांगितले. वर चढलेले पाणी भिंतीच्या माथ्यावरून समोरच्या हौदात कोसळते, आणि याच पाण्याच्या जोरावर जाते फिरून बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील फकिरांसाठी, विद्यार्थ्यांसाठी आणि वाटसरूंसाठी धान्य दळले जाई. पावसाळा नुकताच सरला असल्याने धार भरगच्च होती. मी खांबाच्या दगडाला तळहात लावला तर तो उन्हातही गार होता आणि आतून एक बारीकशी थरथर जाणवत होती.

मग त्यांनी आम्हाला हौदाच्या खाली नेले. वरच्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे; जाड खांबांवर पेललेल्या त्या दालनात उन्हाळ्यातही गारवा राहतो आणि तिथेच यात्रेकरू विसावत. बाबा त्या छताकडे बराच वेळ बघत राहिले. डोक्यावर इतक्या पाण्याचा भार घेऊन ही कमान एवढी वर्षे उभी आहे आणि गळतीचा डाग कुठे दिसत नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितले, दुसऱ्यांदा थोडे हळू आवाजात. या जागेविषयी मी आजवर अनेकदा वाचले होते, पण छत आणि हौद एकच आहे हे वाचून डोळ्यांसमोर येत नाही. तिथे कोणीतरी उभे करून वर बोट दाखवावे लागते. या वॉकचे खरे मोल मला इथेच मिळाले.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्याही सांगितल्या पाहिजेत. नोंदणी करताना जास्तीत जास्त वीस जण असतील असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात आम्ही छत्तीस होतो. मेहमूद दरवाजाजवळच्या अरुंद रस्त्यावर दुचाक्यांच्या गर्दीत मागच्या दहा-बारा जणांना एक अक्षर ऐकू गेले नाही, आणि आयोजकांकडे गळ्यात अडकवायचा साधा ध्वनिवर्धकही नव्हता. माणशी ३०० रुपये घेतल्यावर एवढी सोय हवीच. दुसरे असे की वाटेत स्वच्छतागृहाचा थांबा ठरवलेला नव्हता. बरोबर वयस्क मंडळी आणि बायका असताना ही चूक लहान म्हणता येणार नाही. तिसरी तक्रार मार्गदर्शकांविषयीच आहे. पाण्याविषयी इतके काटेकोर बोलणारा माणूस दरवाजांकडे वळला की बावन्न दरवाजांची परंपरागत संख्या आणि थेट दौलताबादला निघणाऱ्या भुयाराची गोष्ट एकाच दमात, जणू दोन्ही कागदोपत्री सिद्ध असल्यासारखी सांगू लागला. लोककथा जरूर सांगाव्यात, त्यांनी शहर आपले वाटते. पण ही कथा आहे एवढे तीन शब्द आधी उच्चारले तर ऐकणाऱ्या मुलांचे भले होईल.

पाणचक्कीनंतर जामा मशीद आणि किलेअर्कचा भाग आम्ही भराभर पार केला. तिथे सांगण्यासारखे पुष्कळ आहे, मात्र पाण्याच्या सूत्रात ते या वॉकला नीट बसवता आले नाही, आणि ऊनही चढू लागले होते.

लोटाकारंजा भागात मात्र सूत्र पुन्हा हाती आले. कारंजा म्हणजे कारंजे. मोहल्ल्याच्या नावात पाणी आहे आणि हे नाव मी रिक्षावाल्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकूनही त्याचा अर्थ कधी मनात आला नव्हता. मार्गदर्शकांनी आधी विचारून ठेवलेल्या एका जुन्या घराच्या अंगणात आम्ही पाच-पाच जण आत गेलो. मधोमध दगडी हौद होता, आता मातीने भरलेला, आणि त्यात मोगरा लावलेला. हौदाच्या काठावर, पाणी जिथून आत पडत असे तिथे, खापरी नळाचे तोंड अजून दिसते. घरातल्या वृद्ध बाईंनी पदर सावरत बाबांना सांगितले, “भाईसाब, हमारी सास बोलती थी, ये रात-दिन बहता था.” बाजूला भिंतीला लागून सहा निळे ड्रम ओळीने भरून ठेवलेले होते. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते तेव्हा ते भरायचे आणि पुरवून वापरायचे, हे आमच्या सिडकोतही तसेच आहे. तिथे कोणी भाषण केले नाही हे फार बरे झाले. मार्गदर्शक बाईंना खाली वाकून सलाम करून बाहेर पडले आणि आम्ही त्यांच्या मागोमाग निघालो.

शेवटचा टप्पा सिटी चौक, सराफा आणि गुलमंडी असा होता. चालता चालता पुरे आणि मंड्यांच्या नावांविषयी जी माहिती मिळाली ती मला फार आवडली. मोगलांबरोबर दक्षिणेत आलेल्या रजपूत सरदारांची वस्ती जिथे जिथे पडली, तिथली नावे अजून टिकून आहेत. बिकानेरच्या राजा करणसिंहाचे कर्णपुरा, त्याच्या मुलाचे पदमपुरा, मिर्झाराजे जयसिंहाचे जयसिंगपुरा. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेला आम्ही दरवर्षी जातो आणि ते नाव कोणाचे, हे बावीस वर्षांत कधी विचारले नव्हते. सुपारी हनुमानापाशी वॉक संपायला हवा होता. त्याऐवजी आम्हाला एका हिमरूच्या दुकानात नेण्यात आले आणि तिथे चाळीस मिनिटे गेली. सुती ताणा आणि रेशमी बाणा घेऊन विणले जाणारे हिमरू ही या शहराची खरोखर मोलाची कला आहे आणि ती पाहायला माझी अजिबात हरकत नाही, पण तिथे हातमाग दाखवला गेला तो पाच मिनिटे आणि शाली उलगडल्या गेल्या पस्तीस मिनिटे. हा वेळ पाणचक्कीच्या दालनात द्यायला हवा होता.

जाणाऱ्यांसाठी थोडे सांगते. ऑक्टोबर ते जानेवारीत जावे, तेव्हा धारेला पाणी असते आणि ऊन सोसवते. रस्ता जेमतेम चार-पाच किलोमीटरचा असला तरी फरशा आणि पायऱ्या पुष्कळ आहेत, म्हणून चपलेऐवजी बूट घालावेत. दर्ग्याच्या आवारासाठी डोक्यावर घ्यायला रुमाल किंवा ओढणी असावी. नोंदणी करतानाच गटात किती माणसे असतील हे स्पष्ट विचारून घ्यावे आणि वीसपेक्षा जास्त असतील तर पुढची तारीख मागावी. दहा वर्षांवरची मुले जरूर न्यावीत. आमच्या गटातल्या एका सातवीतल्या मुलाने खापरी नळाचा तुकडा शेवटपर्यंत सोडला नाही आणि मार्गदर्शकांनीही तो परत मागायची घाई केली नाही.

या गटाचा दुसरा वॉक बेगमपुऱ्यातल्या थत्ते हौदाच्या बाजूचा आहे. वर लिहिलेल्या तक्रारी मी आयोजकांना प्रत्यक्ष सांगितल्या आहेत आणि गटाची संख्या मर्यादित ठेवण्याचे त्यांनी कबूल केले आहे. आमची दोन नावे मी नोंदवली आहेत. बाबांनी परवाच माळ्यावरून आपली जुनी पाणसळ खाली काढून घेतली, तिची काच पुसली आणि बुडबुडा मध्यावर येतो का ते ओट्यावर ठेवून पाहिले.